मुंबईसमोर बुडालेली ‘मंगोलिया’ आणि ‘वुल्फ’चे पाणसुरुंग

२३ जून १९१७ रोजी पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ ही ९,५०५ टनांची प्रवासी आगबोट मुंबईच्या दक्षिणेला सुमारे ५० सागरी मैलांवर पाणसुरुंगावर आदळली आणि पाव तासाच्या आत बुडाली. बोटीवर प्रवासी, टपाल आणि माल होता. बहुतेक माणसे होड्यांतून सुटली, पण वीसपेक्षा जास्त जीव गेले. नकाशावर ही जागा साधारण जंजिरा आणि श्रीवर्धन यांच्या समोर येते. आसपास शत्रूची एकही युद्धनौका नव्हती आणि पाणबुडीही नव्हती. ज्या जर्मन जहाजाने तो सुरुंग पेरला, ते चार महिन्यांपूर्वीच या पाण्यातून निघून गेले होते. ‘मंगोलिया’ बुडाली तेव्हा ते हजारो मैलांवर, न्यूझीलंडच्या उत्तरेला पॅसिफिक महासागरात होते.

त्या जहाजाचे नाव ‘वुल्फ’. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या तोंडाशी शत्रूने घातलेला हा एकमेव मोठा घाव. तरी मुंबईच्या इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागणारी जर्मन युद्धनौका ‘एमडन’ घरोघरी माहीत झाली, कारण तिच्या गोळ्यांनी तेलाच्या टाक्या पेटल्या आणि सगळ्या शहराने त्या पाहिल्या. ‘वुल्फ’ कोणाला दिसलीच नाही. तिचे यश दिसू न देण्यावर उभे होते, आणि तिचा पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश सरकारनेही स्वतःच्या कारणांसाठी तोंड मिटून घेतले. दोन्ही बाजूंनी पाळलेले हे मौन समजून घेतल्याशिवाय ‘मंगोलिया’ची हकिगत पुरी होत नाही.

‘वुल्फ’ मुळात लढाऊ जहाज नव्हते. ब्रेमेनच्या हन्सा कंपनीची ‘वाख्टफेल्स’ नावाची मालवाहू बोट म्हणून ती १९१३ मध्ये फ्लेन्सबुर्गच्या गोदीत तयार झाली. महायुद्धापूर्वी मुंबई, कलकत्ता आणि रंगूनच्या मार्गांवर या कंपनीच्या बोटींची नित्याची ये-जा असे. हिंदी महासागरातले वारे, दिवे आणि वहिवाटीचे मार्ग हन्साच्या कप्तानांना तोंडपाठ होते. जर्मन नौदलाने बोट ताब्यात घेतली, तिच्या पोटात साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग भरले आणि दीडशे मिलिमीटरच्या तोफा पाडता येणाऱ्या खोट्या भिंतींआड लपवल्या. धुराडे आणि डोलकाठ्या कमीजास्त उंच करता येत होत्या, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला आज एक बोट दिसे आणि उद्या दुसरीच. वेग जेमतेम दहा-अकरा गाठी. कोणत्याही क्रूझरने तिला सहज गाठले असते. म्हणून कप्तान कार्ल आउगुस्त नेर्गर याने पळण्यापेक्षा वेष बदलण्यावर भर दिला.

दुसरी तजवीज बिनतारी संदेशांची होती. ‘वुल्फ’ने मोहिमेभर स्वतः जवळजवळ एकही संदेश पाठवला नाही, पण ऐकत मात्र सगळे होती. व्यापारी बोटी आपली जागा, वेग आणि पोचण्याची वेळ हवेत मोकळेपणाने सांगत, आणि त्यावरून कोणत्या मार्गावर किती गर्दी आहे याचा पक्का अंदाज येई. कोळशाची अडचण बोटीच्या आकारानेच सुटली होती. मोठी, संथ आणि कमी कोळसा खाणारी बोट बंदरात पाय न ठेवता महिनोन् महिने समुद्रावर राहू शकते. कमी पडेल ते पकडलेल्या बोटींतून घेता येते.

३० नोव्हेंबर १९१६ रोजी ‘वुल्फ’ने कील सोडले. ब्रिटनची नाकेबंदी चुकवण्यासाठी ती उत्तरेकडून, आइसलंड आणि ग्रीनलंड यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून, हिमवादळातच अटलांटिकमध्ये उतरली. जानेवारीच्या मध्यावर तिने दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी पहिले सुरुंग पेरले. २६ जानेवारीला केप टाऊनजवळ त्यांवर बुडालेल्या पहिल्या बोटीचे नाव ‘माथेरान’ होते. ब्रॉकलबँक कंपनी आपल्या बोटींना हिंदुस्थानातल्या ठिकाणांची नावे देई, त्यातलीच ही एक. नेरळच्या डोंगराचे नाव मिरवणारी बोट मुंबईच्या आधी हा मारा सोसून गेली, हा केवळ योगायोग, पण चटकन लक्षात राहणारा.

पुढचा मुक्काम कोलंबो. १५-१६ फेब्रुवारीच्या रात्री ‘वुल्फ’ने तिथे काम उरकले. १७ तारखेला ‘वॉर्सेस्टरशायर’ आणि २१ तारखेला ‘पर्सियस’ या दोन ब्रिटिश बोटी तिथे बुडाल्या. तोवर नेर्गर कन्याकुमारीला वळसा घालून अरबी समुद्रात शिरला होता, आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईकडे येणाऱ्या-जाणाऱ्या मार्गांवर सुरुंगांच्या रांगा पडल्या.

नेमकी मुंबईच का, याचे उत्तर त्या वेळच्या मुंबई बंदरात सापडते. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी खुली झाली आणि त्याच वर्षी युद्धही पेटले. मेसोपोटेमियात लढणाऱ्या हिंदी फौजांची रसद, जनावरे, दारूगोळा आणि माणसे मुख्यतः मुंबईतूनच जात, जखमी शिपाईही इथेच उतरत. वरून युरोपचे टपाल, कापूस आणि धान्य होतेच. बंदर एक दिवस बंद पडले तरी त्याची झळ बसऱ्यापर्यंत पोचे. ‘वुल्फ’ला बंदर फोडायचे नव्हते. तिथे सुरुंग आहेत एवढी शंका जरी पसरली, तरी बोटी थांबतात, मार्ग बदलतात, विम्याचे दर चढतात आणि सुरुंग शोधायला जहाजे अडकून पडतात. तिला हेच हवे होते.

मुंबईसमोरचा समुद्रतळही तिच्या पथ्यावर पडला. पूर्व किनाऱ्यावर समुद्र लवकर खोल होतो, पण कोकण आणि मुंबईसमोर खंडाची पायरी खूप दूरवर पसरलेली आहे. किनाऱ्यापासून पन्नास मैल बाहेर गेले तरी पाणी फारसे खोल नसते. पुढे याच उथळ पायरीवर, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून दूर, ‘मुंबई हाय’च्या तेलविहिरी उभ्या राहिल्या. नांगराने तळाशी बांधलेला सुरुंग उथळ पाण्यातच घालता येतो. दुसऱ्या एखाद्या बंदरात त्यासाठी दीपगृहाच्या नजरेच्या टप्प्यात यावे लागले असते. इथे नेर्गरला मुंबईच्या दिव्यांपासून चांगलेच दूर राहूनही तेच काम साधले.

त्या काळचा सुरुंग म्हणजे पोलादी पत्र्याचा, आत हवा असलेला म्हणून तरंगणारा मोठा गोळा. दीडशे किलोच्या आसपास स्फोटक त्यात भरलेले असे आणि वरच्या अर्ध्या भागावर मऊ शिशाची काही शिंगे बाहेर आलेली असत. खाली तारेच्या रिळासह एक जड पेटी, म्हणजे नांगर. हे सगळे धूड जहाजाच्या मागच्या बाजूने रुळांवरून ढकलून दिले जाई. पेटी तळाशी बसे आणि गोळा तारेने बांधलेला, पाण्याखाली ठरवलेल्या खोलीवर तरंगत राही. खोली ठरवण्याचे काम पाण्याच्या दाबावर चालणारी एक कळ करी. होडी किंवा मचवा वरून निर्धास्त निघून जावा आणि खोल बुडणाऱ्या मोठ्या आगबोटीचे पोट मात्र नेमके टेकावे, अशी ती खोली असे.

सगळी करामत शिंगात होती. शिशाच्या आवरणाआड काचेची एक नळी असे आणि तिच्यात आम्लयुक्त द्रावण. बोट आदळली की शिसे वाकते, नळी फुटते आणि द्रावण खालच्या जस्त-कार्बनच्या पट्ट्यांवर सांडते. त्या क्षणापर्यंत कोरडी असलेली बॅटरी जिवंत होते, वीज वाहते आणि स्फोट होतो. आधीपासून चार्ज केलेले काहीच नसल्याने बॅटरी उतरण्याचा प्रश्नच येत नाही. तार गंजून तुटेपर्यंत असा सुरुंग महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे तयार राहतो. फेब्रुवारीत टाकलेल्या सुरुंगाने जूनमध्ये बळी घेतला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

मुंबईसमोरचे बहुतेक बळी जून-जुलैतले आहेत, आणि यामागे पावसाळा असावा. नैऋत्य मोसमी वाऱ्यात समुद्र उंच उंच उसळतो. लाटेच्या खळग्यात उतरलेल्या जड बोटीचे पोट शांत हवेतल्यापेक्षा कितीतरी खाली जाते, त्यामुळे एरवी तिच्या खालून सुटला असता असा सुरुंगही तिला लागू शकतो. शिवाय खवळलेल्या समुद्रात सुरुंग काढण्याचे काम जवळपास ठप्प होते. ते काम असे चाले: दोन बोटी समांतर जात, त्यांच्यामध्ये पाण्याखाली लांब तार ओढली जाई. त्या तारेत सुरुंगाची तार अडकून तुटली की सुरुंग पृष्ठभागावर येई आणि बंदुकीने फोडला जाई. त्यासाठी दोन्ही बोटींना एकमेकींपासूनचे अंतर आणि वेग नेमका सांभाळावा लागतो. आषाढातल्या अरबी समुद्रात ते शक्य नव्हते.

एक गोष्ट मात्र सुदैवाची ठरली. कोकणातले मच्छीमार मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवत. त्यामुळे जून-जुलैत त्या पाण्यात मोठ्या आगबोटींखेरीज फारसे कोणी नव्हते.

११ जून १९१७ रोजी ‘सिटी ऑफ एक्झेटर’ या ब्रिटिश बोटीला पहिला दणका बसला. पुढच्या खणांत पाणी भरूनही ती स्वतःच्या वाफेवर मुंबईला पोचली. पाच दिवसांनी, १६ जूनला, ‘उनकाई मारू क्र. ७’ ही जपानी मालवाहू बोट बुडाली. जपान तेव्हा ब्रिटनचा मित्र होता. २३ जूनला ‘मंगोलिया’, २९ जुलैला ब्रिटिश इंडिया कंपनीची ५,२८८ टनांची ‘ओखला’ आणि पावसाळा सरल्यावर, १७ नोव्हेंबरला, ५,८७२ टनांची ‘क्रॉक्स्टेथ हॉल’. शेवटची बोट बुडाली तेव्हा सुरुंग पेरून नऊ महिने होत आले होते.

या यादीत ‘मंगोलिया’ सगळ्यात मोठी आणि सगळ्यात नावाजलेली. स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या केर्ड गोदीत १९०३ मध्ये ती बांधली गेली. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या १८७२ च्या कादंबरीत फिलियस फॉग सुएझहून मुंबईला येतो ती बोटही ‘मंगोलिया’च, पण ती आधीच्या पिढीतली. पी. अँड ओ. नावे पुन्हा पुन्हा वापरत असे, आणि १९०३ पासूनच्या काही वर्षांत ‘म’ने सुरू होणाऱ्या नावांच्या दहा मोठ्या बोटी तिने हिंदुस्थान-ऑस्ट्रेलियाच्या मार्गावर आणल्या: मोल्डाव्हिया, मंगोलिया, मार्मोरा, मॅसिडोनिया, मुलतान, माळवा, मँटुआ, मोरिया, मेदिना आणि मलोजा. दिल्ली दरबारासाठी पंचम जॉर्ज १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरला तो ‘मेदिना’तूनच, त्या उतरण्याची आठवण म्हणून पुढे गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले. दहापैकी सहा बोटी युद्धात गेल्या. ‘मेदिना’, ‘मुलतान’, ‘मार्मोरा’ आणि ‘मोल्डाव्हिया’ पाणबुड्यांच्या टॉर्पेडोंनी, ‘मंगोलिया’ आणि ‘मलोजा’ सुरुंगांनी.

‘मलोजा’ची हकिगत इथे सांगणे आवश्यक आहे, कारण सुरुंगाच्या माऱ्यात माणसे नेमकी कशाने मरतात हे तिच्यावरून कळते. २७ फेब्रुवारी १९१६ च्या सकाळी, मुंबईला जायला निघालेली १२,४३१ टनांची ‘मलोजा’ इंग्लंडच्या डोव्हरपासून दोन मैलांवर होती. जर्मन पाणबुडीने टाकलेला सुरुंग तिच्या मागच्या भागाखाली फुटला. बोट पुढे धावत असताना होड्या सोडल्या तर त्या उलटतात, म्हणून कप्तानाने गती मारण्यासाठी यंत्रे उलटी फिरवण्याचा हुकूम दिला. हुकूम योग्यच होता. पण तेवढ्यात यंत्रखोलीत पाणी शिरले आणि यंत्रे बंद करायला तिथे कोणालाच जाता येईना. बोट उलट्या दिशेने आठ-नऊ गाठींच्या वेगाने धावत राहिली आणि एका बाजूला कलत गेली. होड्या तयार होत्या, किनारा समोर दिसत होता, मदतीला बोटी धावत होत्या, तरी होड्या नीट सोडता आल्या नाहीत. साधारण अर्ध्या तासाच्या आत ती गेली आणि १५५ माणसे बुडाली. मदतीला येणारी ‘एम्प्रेस ऑफ फोर्ट विल्यम’ ही कॅनडाची बोटही त्याच रांगेतल्या दुसऱ्या सुरुंगावर आदळून बुडाली.

त्या मानाने ‘मंगोलिया’वरची जीवितहानी फारच कमी होती. तिच्या हातात ‘मलोजा’पेक्षाही कमी वेळ होता आणि समुद्र पावसाळी होता. तरी होड्या उतरल्या आणि भरल्या, याचे श्रेय बोटीवरच्या शिस्तीला आणि खलाशांना द्यावे लागते. त्या काळी युद्धातल्या पाण्यात होड्या आधीच बाहेर काढून, दोरांवर लटकवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली होती, आणि प्रवाशांना कवायत करावी लागे.

हे खलाशी कोण होते? पी. अँड ओ.च्या बोटींवर कप्तान, अधिकारी आणि इंजिनिअर गोरे असत, पण हात बहुतेक हिंदी. तेही कामानुसार आणि मुलखानुसार वाटलेले. डेकवरचे खलाशी रत्नागिरी-कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान आणि गुजरात-काठियावाडच्या बंदरांवरचे. त्यांच्यावर सारंग, सारंगाच्या हाताखाली टंडेल, सुकाणूवर सुकाणी, स्वयंपाकाला भंडारी. खाली भट्ट्यांपाशी कोळसा ओढणारे आणि आग राखणारे आगवाले बरेचसे पंजाबी आणि पठाण. जेवणघरातले बटलर, वाढपी आणि आचारी गोव्याचे ख्रिस्ती. गोवेकर दोन सफरींमधला काळ मुंबईत धोबी तलाव आणि काव्हेल भागातल्या आपापल्या गावाच्या ‘कुडां’त काढत. कोकणातला तरुण सारंगाच्या ओळखीने भरती होई. त्या ओळखीची किंमत बहुधा पहिल्या काही महिन्यांच्या पगारातून वळती होई, आणि सारंगाशी वाकडे घेणारा पुढच्या सफरीला किनाऱ्यावरच राही.

या खलाशांचा करार वेगळा असे आणि पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्शापासून पाचव्या हिश्शापर्यंत. राहण्याची जागाही कमी. सुरुंगाचा धोकाही सगळ्यांना सारखा नव्हता. स्फोट पाण्याच्या पातळीखाली होतो, म्हणून पहिला मारा यंत्रखोली आणि भट्टीखोलीवर बसतो. तिथून वर येण्याचा मार्ग म्हणजे लोखंडी शिड्या, आणि दिवे गेले तर त्याही दिसत नाहीत. युद्धभरात व्यापारी बोटींवरचे सुमारे साडेतीन हजार हिंदी खलाशी मरण पावले आणि हजारावर शत्रूच्या कैदेत गेले. ज्यांना समुद्राखेरीज थडगे नाही, अशा पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे आणि नौसैनिकांचे स्मारक मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. लंडनमध्ये टॉवर हिलवर व्यापारी नाविकांचे भव्य स्मारक आहे, तिथे त्यांची नावे नाहीत. ‘कुलाबा’ आणि ‘रत्नागिरी’ जिल्ह्यांच्या इतिहासात लष्करात गेलेल्यांची नोंद जितक्या अगत्याने केली जाते, तितकी बोटींवर गेलेल्यांची होत नाही. फौजेत गेलेला माणूस सरकारचा होता आणि बोटीवर गेलेला कंपनीचा, एवढाच तो फरक.

ब्रिटिशांना ‘वुल्फ’ची खबर ‘मंगोलिया’ बुडण्याआधीच लागली होती, आणि तीही थेट. २७ फेब्रुवारी १९१७ रोजी अरबी समुद्रात नेर्गरने ‘टुरिटेला’ ही ब्रिटिश बोट पकडली. ती मुळात हन्सा कंपनीची ‘गुटेनफेल्स’, म्हणजे ‘वुल्फ’ची जुनी बहीणच, युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी ती ताब्यात घेऊन तिचे नाव बदलले होते. नेर्गरने तिला ‘इल्टिस’ नाव दिले, काही सुरुंग दिले आणि एडनसमोर ते टाकायला धाडले. सुरुंग टाकून होताच ५ मार्चला ‘ओडिन’ या ब्रिटिश गस्ती नौकेने तिला अडवले, तेव्हा जर्मनांनी ती स्वतःच बुडवली. पण बोटीवर मूळचे चिनी खलाशी होते. ते आणि जर्मन कैदी यांच्याकडून साऱ्या मोहिमेचा पत्ता लागला.

तरीही गाजावाजा झाला नाही. त्यामागे तर्क होता. शत्रूला आपल्या सुरुंगांचे यश कळू नये, व्यापार थांबू नये, विम्याचे दर भडकू नयेत आणि हिंदी महासागर सुरक्षित असल्याचा विश्वास टिकावा. याची किंमत सगळ्यात स्पष्ट दिसली ती ऑस्ट्रेलियात. जुलै १९१७ मध्ये आग्नेय किनाऱ्याजवळ ‘कंबरलँड’ ही बोट ‘वुल्फ’च्या सुरुंगाने फुटली. स्फोट बोटीच्या आत झाला असावा, असा निष्कर्ष काढला गेला आणि संशयाची सुई कामगार चळवळीतल्या कथित घातपात्यांकडे वळवली गेली. सप्टेंबरात न्यूझीलंडजवळ ‘पोर्ट केम्ब्ला’ बुडाली तेव्हाही घातपाताचीच चर्चा झाली. समुद्रात सुरुंग आहेत हे मान्य केले असते तर सुरुंग शोधले गेले असते. बंदरातले मजूर शोधल्याने सुरुंग हलले नाहीत.

युद्धात न पडलेल्या देशांनाही यातून सुटका नव्हती. २६ मे १९१७ रोजी केप टाऊनजवळ ‘सी. दे एझागिर्रे’ ही स्पेनची प्रवासी बोट ‘वुल्फ’च्या सुरुंगावर गेली आणि शंभराहून अधिक माणसे बुडाली. मुंबईसमोरच्या सगळ्या बळींपेक्षा हा एक आकडा मोठा आहे.

‘वुल्फ’ मुंबईनंतरही वर्षभर फिरत राहिली. वाटेत पकडलेल्या बोटींमधला कोळसा, अन्न, रबर आणि तांबे तिच्यावर चढत गेले आणि त्यांच्यावरची माणसेही. ‘वुल्फशेन’, म्हणजे छोटा वुल्फ, या नावाचे एक समुद्री विमान तिच्यावर होते. ते वर जाऊन भोवतालचा समुद्र पाही आणि बोटींना थांबायला लावी. सप्टेंबर १९१७ मध्ये ती पुन्हा हिंदी महासागरात आली, आणि मालदीवजवळ तिने ‘हिताची मारू’ ही मोठी जपानी बोट पकडली. कैद्यांत बायका-मुले होती, जपानी, ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन होते. ताज्या भाज्या-फळांवाचून अनेकांना स्कर्व्ही झाला. २४ फेब्रुवारी १९१८ रोजी, ४५१ दिवसांनी, ‘वुल्फ’ कीलला परतली. तोवर तिने १४ बोटी स्वतः पकडल्या किंवा बुडवल्या होत्या. तिच्या सुरुंगांनी एकूण १३ बोटी बुडाल्या. दोन्ही मिळून लाखभर टनांहून जास्त. परतल्यावर जर्मनीने तिचे कौतुक जगभर गाजवले आणि मुंबईसमोर सुरुंग कुणी पेरले हे लोकांना उघडपणे कळले. सुरुंगांचे काम मात्र तेव्हाही संपले नव्हते. २६ जून १९१८ रोजी न्यूझीलंडच्या उत्तर टोकाशी ‘विमेरा’ ही प्रवासी बोट बुडाली आणि २६ माणसे गेली. ‘वुल्फ’ला घरी पोचून तेव्हा चार महिने झाले होते.

युद्धानंतर ‘वुल्फ’ भरपाईपोटी फ्रान्सकडे गेली. ‘आंतिनूस’ नावाने ती पुन्हा मालवाहू बोट झाली आणि १९३१ मध्ये इटलीत मोडीत निघाली. नेर्गरला जर्मनीचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्याला अटक केली आणि जानेवारी १९४७ मध्ये झाक्सेनहाउझेनच्या छावणीत तो मेला.

हे सगळे कायदेशीर होते का? १९०७ च्या हेग परिषदेत पाणसुरुंगांवर वेगळा करार झाला होता, त्याला निमित्त रशिया-जपान युद्धानंतर चीनच्या समुद्रात भरकटत राहिलेल्या सुरुंगांचे. मोकळे सोडलेले सुरुंग तासाभरात निकामी झाले पाहिजेत, बांधलेले सुरुंग दोर तुटताच निकामी झाले पाहिजेत, आणि केवळ व्यापारी वाहतूक अडवण्याच्या हेतूने शत्रूच्या किनाऱ्यासमोर सुरुंग घालू नयेत, असे त्यात ठरले. तिसऱ्या अटीतला ‘केवळ’ हा शब्द पुरेसा सैल होता. मुंबईतून फौजांची वाहतूक होत होती, त्यामुळे हेतू ‘केवळ’ व्यापार अडवण्याचा नव्हता असे जर्मनी म्हणू शकत होते. तसे म्हणण्याचीही गरज नव्हती, कारण जर्मनीने आणि फ्रान्सने सही करतानाच त्या कलमाला हरकत नोंदवून ठेवली होती. ब्रिटननेही युद्धात उत्तर समुद्रात हजारो सुरुंग पेरले. १९०७ चा तो करार आजही लागू आहे, पण त्यात फक्त आदळून फुटणाऱ्या सुरुंगांचा विचार आहे. दुसऱ्या महायुद्धात सर्रास वापरात आलेले चुंबकीय आणि आवाजावर फुटणारे सुरुंग त्यात थेट बसत नाहीत. १९९४ च्या सान रेमो नियमावलीत तटस्थ देशांना आगाऊ सूचना देणे, टाकलेल्या सुरुंगांच्या जागांची नोंद ठेवणे आणि युद्ध संपल्यावर ते काढणे, अशा अटी तपशिलाने मांडल्या आहेत. ही नियमावली तज्ज्ञांनी तयार केलेली आहे आणि ती कोणत्याही देशावर कराराप्रमाणे बंधनकारक नाही.